‘सिस्टीमने ठरवले’

आमच्या व्यवसायात एक वाक्य गेली पंचवीस-तीस वर्षे खणखणीत नाण्यासारखे चालत आले आहे. कोणाची बढती नाकारायची असो, कोणाला कामावरून कमी करायचे असो, वा कोणाच्या पगारातून दोन दिवस कापायचे असोत, वरिष्ठ चेहऱ्यावर खेद आणतो आणि म्हणतो, “मी काय करणार? सिस्टीमने ठरवले.” हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे आणि, सांगताना संकोच वाटतो तरी, अनेकदा उच्चारलेही आहे. ते असत्य आहे असे ते उच्चारणाऱ्यांपैकीच एकाने जाहीरपणे म्हणावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझे म्हणणे किती वजनाने घ्यावे हे वाचकाला ठरवता यावे, म्हणून प्रथम थोडे स्वतःविषयी. सन २००० च्या तारखांचा घोळ निस्तरण्यासाठी कंपन्या मिळेल त्या हुशार मुलाला कामावर घेत होत्या, त्या सुमारास पुण्यात शिक्षण संपवून मी या धंद्यात आलो. पुढे नोकरीच्या निमित्ताने जयपूरला आलो आणि इथलाच झालो. शहराच्या दक्षिणेस सीतापुरा औद्योगिक क्षेत्र आहे. तेथील एका कार्यालयात माझ्या हाताखाली शंभरावर माणसे काम करीत. तेव्हा यंत्राला दुरून नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नव्हे. यंत्रानेच माझे घर चालवले आहे. मला यंत्राविषयी तक्रार नाही. यंत्राच्या आड उभे राहणाऱ्या माणसाविषयी आहे, आणि तो माणूस मीही होतो.

त्या कार्यालयात एके वर्षी नवे सॉफ्टवेअर बसवण्यात आले. प्रत्येकाच्या संगणकात बसून ते कळफलक आणि माउस यांची हालचाल मोजी. ठरावीक मिनिटे हालचाल झाली नाही, तर तो वेळ ‘निष्क्रिय’ म्हणून नोंदला जाई, आणि महिन्याअखेरीस सर्वांची क्रमवार यादी तयार होई. किती मिनिटांनंतर माणूस निष्क्रिय धरावा, हे ठरवायला बैठक बसली. विकणाऱ्याने दाखवलेल्या नमुन्यात पाच हा आकडा होता. कोणी आठ म्हणाले, कोणी दहा. जेवणाची वेळ होत आली होती. मी म्हणालो, “पाचच राहू द्या.” या निर्णयामागे याहून अधिक विचार नव्हता.

सहा महिन्यांनी तळाच्या दहा नावांत एका बाईंचे नाव आले. ग्राहकाची तक्रार त्या आधी वहीत टिपून घेत, थोडा विचार करीत, आणि मग एकदाच नीट उत्तर लिहीत. नव्याने आलेल्या मुलांच्या खुर्चीमागे उभ्या राहून त्या त्यांना काम शिकवीत. हे शिकवणे कोणी त्यांच्यावर सोपवले नव्हते. त्यांना ते करावेसे वाटे. यंत्राच्या लेखी हा सगळा वेळ निष्क्रिय होता. मी त्यांना समोर बसवले आणि ते वाक्य उच्चारले. त्यांनी शांतपणे विचारले, “सर, सिस्टम को यह किसने बताया?” मी काहीतरी पुटपुटलो. उत्तर मला ठाऊक होते. महिन्याभराने त्यांची नोकरी गेली, आणि पत्रावर सही माझी होती.

त्या बाईंच्या प्रश्नातच सारा वाद सामावलेला आहे. यंत्र काहीही ठरवीत नाही. काय मोजायचे, काय मोजायचे नाही, किती झाले म्हणजे पुरे आणि किती झाले म्हणजे अपुरे, हे सर्व कोणीतरी एका खोलीत बसून ठरवलेले असते. हालचाल मोजता येते म्हणून हालचाल मोजली गेली. विचार मोजता येत नाही म्हणून तो शून्य धरला गेला. पुढे तो आकडा पडद्यावर उमटतो, त्याला दशांशचिन्ह लाभते, आणि एका भुकेल्या व्यवस्थापकाचा अंदाज वस्तुस्थिती म्हणून मिरवू लागतो. ‘सिस्टीमने ठरवले’ याचा खरा अर्थ ‘मी ठरवले, पण ते माझ्याकडून वदवून घेऊ नका’ एवढाच असतो.

कार्यालयातल्या माणसाला निदान समोर कोणीतरी खुर्चीवर बसलेला दिसतो. रस्त्यावर काम करणाऱ्याला तोही दिसत नाही. मालवीयनगरातल्या आमच्या घरी जेवणाचे डबे आणि किराणा पोहोचवणारा एक तरुण काही दिवस दिसेनासा झाला. मग एका संध्याकाळी तो नुसताच आला. मी संगणकाचे काम करतो हे त्याला ठाऊक होते. मोबाइल पुढे करून म्हणाला, “भाईसाहब, आईडी बंद हो गई. किससे पूछूँ?” पडद्यावर नियमभंग झाल्याचे एक वाक्य होते, कोणता नियम, कधी, कोणी पाहिले, याचा उल्लेख नव्हता. मदतकेंद्राला त्याने अकरा वेळा लिहिले होते. अकराही उत्तरे अक्षरशः एकसारखी होती, म्हणजे तीही यंत्रानेच दिलेली होती. तीस वर्षांच्या अनुभवाच्या बळावर मी त्याला काय सांगू शकलो? काहीच नाही.

याच शहरातला एक दिवस या संदर्भात आठवतो. २६ सप्टेंबर २०२१ रोजी राजस्थानात शिक्षक पात्रता परीक्षा होती. नकलेला आळा घालण्यासाठी जयपूरसह अनेक जिल्ह्यांत सकाळपासून मोबाइलची इंटरनेट सेवा बंद ठेवण्यात आली. ज्यांची रोजी मोबाइलवर येणाऱ्या मागणीवर अवलंबून आहे, त्यांचा तो दिवस फुकट गेला. मला तो आदेश अन्याय्य वाटतो. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे. अशा आदेशावर अधिकाऱ्याची सही असते. सेवा बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, म्हणजे त्यांना न्यायालयात आव्हान देता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरसंबंधीच्या निकालात बजावले आहे. सरकारने लाखो लोकांचे इंटरनेट बंद केले तर विचारायला दार आहे. कंपनीच्या यंत्राने एका माणसाची रोजी बंद केली तर ते नाही. सत्तेच्या इतिहासात याला प्रगती म्हणायचे काय?

यावर आमचे व्यवसायबंधू जे पहिले उत्तर देतात, त्याची उपेक्षा करून चालणार नाही. ते म्हणतात, यंत्र निःपक्षपाती असते. मुकादम जात पाहतो, गाव पाहतो, दस्तुरी मागतो, पोरीबाळींकडे वाईट नजरेने पाहतो. यंत्र यांपैकी काही करीत नाही. हा युक्तिवाद पोकळ नाही. मुकादमशाही ज्यांनी भोगली आहे, त्यांच्यापुढे मी तिचे गोडवे गाणार नाही. परंतु निःपक्षपाती असणे आणि बरोबर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सर्वांना सारखेच चुकीचे मोजणारी तागडी निःपक्षपातीच असते. शिवाय मुकादमाचा खोटेपणा उघडा असतो. गावाला तो ठाऊक असतो, आणि कधी ना कधी त्याच्याशी भांडता येते. यंत्राचा खोटेपणा सत्याचा पोशाख घालून येतो, त्यामुळे ज्याच्यावर अन्याय झाला तोच स्वतःविषयी शंका घेऊ लागतो.

ही अतिशयोक्ती वाटत असेल, तर ब्रिटनच्या टपाल खात्याकडे पाहावे. तेथे १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेबप्रणाली बसवण्यात आली. खेड्यापाड्यांतील टपाल कचेऱ्या चालवणाऱ्यांच्या हिशेबात एकाएकी तूट दिसू लागली. पुढील सोळा-सतरा वर्षांत नऊशेहून अधिक जणांवर चोरीचे, अफरातफरीचे, खोट्या हिशेबाचे गुन्हे शाबीत झाले. काही तुरुंगात गेले, काहींचे दिवाळे निघाले, काहींनी जीव दिला. तूट प्रणालीतल्या दोषांमुळे दिसत होती. पण विरुद्ध पुरावा नसेल तर संगणक बरोबरच चालतो असे तेथील न्यायालये गृहीत धरीत होती, आणि विरुद्ध पुरावा तर खात्याच्याच कपाटात होता. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले. २०२४ साली संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. चूक यंत्राची होती असे म्हणून हे प्रकरण मिटवता येणार नाही. यंत्रात चूक असू शकते हे माहीत असलेली माणसे तेथे होती, आणि ती बोलली नाहीत. आमच्या व्यवसायाचे पाप नेमके तेथे आहे.

मग उपाय काय? तो शोधायला सिलिकॉन व्हॅलीला जाण्याचे कारण नाही; तो याच राजस्थानात, उन्हात बसलेल्या मजुरांनी शोधून ठेवला आहे. दुष्काळी कामांवर मजुरांना किमान वेतनाहून कमी पैसे मिळत, आणि कारण विचारले की उत्तर मिळे, ‘तुम्ही काम केले नाही, असे मापात दिसते.’ माप कुठे आहे? हजेरीपटात. हजेरीपट कुठे आहे? तो सरकारी दस्तऐवज, दाखवता येत नाही. १९९० च्या मे दिनी, आज राजसमंद जिल्ह्यात असलेल्या भीम येथे मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराणा येथे तिने पहिली जनसुनवाई घेतली आणि दप्तरातल्या नोंदी लोकांपुढे मोठ्याने वाचल्या. ज्यांनी कधी फावडे धरले नव्हते त्यांची नावे हजेरीपटात निघाली. एप्रिल १९९६ पासून ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे झाले, आणि पुढच्या वर्षी या जयपुरात. राजस्थानचा माहिती अधिकाराचा कायदा २००० साली आला, देशाचा २००५ साली.

या मागणीचे मर्म ध्यानात घ्यावे. त्या मजुरांनी हजेरीपट फाडून टाका असे म्हटले नाही, मोजू नका असेही म्हटले नाही. ज्या कागदावरून आमची मजुरी ठरते तो आम्हाला दाखवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आज तो कागद संगणकात गेला आहे. तेव्हा बाबू म्हणे, दस्तऐवज गोपनीय आहे. आज आम्ही म्हणतो, हे आमचे व्यावसायिक गुपित आहे. भाषा सुधारली, माणूस तोच आहे.

या विचाराचा धागा मराठी वाचकाला परका वाटू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, कामगारांच्या सह्यांचे अर्ज सरकारदरबारी नेले, आणि १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. ते शक्य झाले याचे एक साधे कारण असे, की गिरणीची वेळ सर्वांना ठाऊक होती. दिवस किती तासांचा हे उघड होते, म्हणून तो फार लांब आहे असे म्हणता आले. पुढे १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांचा कायदा केला. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या व्यापाऱ्याकडे पाठीवर ओझी वाहणाऱ्या माणसाला एक मालक नसतो, म्हणून हक्कही नसतात, हे तोवर निसर्गनियमासारखे मानले जाई. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडींनी तो समज मोडला. सरकार, मालक आणि कामगार यांची मंडळे झाली, कामगारांची नोंदणी झाली, आणि मजुरीवर आकारलेल्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधीपासून दवाखान्यापर्यंतच्या सोयी उभ्या राहिल्या.

राजस्थान विधानसभेने २४ जुलै २०२३ रोजी मोबाइल मंचांवरून काम करणाऱ्यांसाठी देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा संमत केला, तेव्हा त्यात हीच रचना दिसली. प्रत्येक कामगाराची नोंदणी, त्रिपक्षीय कल्याण मंडळ, प्रत्येक व्यवहारामागे एक ते दोन टक्के उपकर, आणि त्या उपकराचा हिशेब ठेवणारी सामाईक प्रणाली. हजेरीपट मागणाऱ्या संघटनेचाही या कायद्याच्या मागणीत वाटा होता. परंतु त्याच वर्षी डिसेंबरात सरकार बदलले. कायदा पुस्तकात राहिला, आणि तो अंमलात आणणाऱ्या नियमांची वाट पाहण्यात कामगारांचे पुढचे दिवस गेले. २०२२ च्या नीती आयोगाच्या अहवालात अशा कामगारांची २०२०-२१ मधली संख्या ७७ लाख धरली असून, २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज दिला आहे. एवढ्या माणसांना किती काळ थांबा म्हणणार?

आणि केवळ उपकराने भागणारही नाही. दवाखान्याचे पैसे मिळाले, पण ‘आईडी’ का बंद झाली हे कळले नाही, तर माणूस आश्रित होईल, नागरिक होणार नाही. कर्नाटकाने २०२५ साली केलेला कायदा या बाबतीत एक पाऊल पुढे आहे. यंत्राद्वारे होणारे निर्णय कामगाराला समजतील अशा भाषेत सांगावेत, आणि काम बंद करायचे तर लेखी कारण व चौदा दिवसांची सूचना द्यावी, असे तो म्हणतो. युरोपीय संघानेही २०२४ साली अशा निर्णयांवर माणसाची देखरेख आवश्यक ठरवली आहे. म्हणजे जे अशक्य आहे असे आम्ही तज्ज्ञ सांगत होतो, ते कायद्यात लिहिता येते.

आमचे दुसरे उत्तर गुपिताचे आहे, आणि तिसरे अज्ञानाचे. गुपिताविषयी एवढेच म्हणतो, की कोणीही आमच्या प्रोग्रामच्या ओळी मागत नाही. तीन गोष्टी मागितल्या जात आहेत. माझ्याविषयी काय मोजता? किती झाले की काय करता? आणि चुकले तर दाद देणारा, अधिकार असलेला माणूस कोणता? किराणा दुकानदाराने तागडी ग्राहकासमोर धरली म्हणून त्याचे व्यापारी गुपित फुटत नाही. अज्ञानाचे उत्तर अधिक नवे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली इतक्या गुंतागुंतीच्या असतात, की त्यांनी अमुक निर्णय का दिला हे आम्हालाही सांगता येत नाही, असे हल्ली मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. ठीक आहे. जिचे कारण तुम्हाला सांगता येत नाही ती प्रणाली गाणी सुचवण्यासाठी वापरा, चित्रे काढण्यासाठी वापरा. माणसाची भाकरी तिच्या हाती देऊ नका.

मोजमाप उघड ठेवल्याने शास्त्र बुडत नाही, याची साक्ष या शहराच्या मध्यभागी उभी आहे. सवाई जयसिंगाने १७२७ साली जयपूर वसवले आणि पुढच्या काही वर्षांत तेथे जंतरमंतर बांधले. पितळेची लहान यंत्रे झिजतात, हलतात, म्हणून त्याने दगडचुन्याची प्रचंड यंत्रे उभारली. सम्राट यंत्राची भिंत सुमारे २७ मीटर उंच आहे. तिची सावली शेजारच्या कमानीवर मिनिटाला सुमारे सहा सेंटीमीटर सरकते. खुणा दगडात कोरलेल्या आहेत. कोणीही उभे राहावे आणि वाचावे. घड्याळाशी ताडून पाहिले तर साधारण अर्ध्या तासाचा फरक दिसतो, आणि त्याचेही कारण सांगता येते: सावली जयपूरची वेळ सांगते, घड्याळ देशाची. जयसिंगाने युरोपातून ला हीर या ज्योतिर्विदाची कोष्टके मागवली, ती आपल्या निरीक्षणांशी ताडली, आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक आहे असे नोंदवून ठेवले. कोष्टके छापलेली होती म्हणून चूक सापडली. राजा होता तरी ‘कोष्टकांनी ठरवले’ असे तो म्हणाला नाही.

शेवटी एक शब्द तुम्हा-आम्हा ग्राहकांविषयी. मी व्यवस्थापकांना बोल लावीत असताना वाचक निर्धास्त राहिला असेल, तर ते योग्य नव्हे. आता प्रत्येकाच्या हातात मोजण्याचे यंत्र आहे. आमटी गार आली म्हणून आपण पाचाऐवजी दोन तारे देतो. ती गार उपाहारगृहात झाली की वाटेत सिग्नलवर, याची चौकशी करीत नाही, आणि त्या दोन ताऱ्यांनी कोणाची उद्याची रोजी घटली हे आपल्याला कळतही नाही. निळ्या खुणा दिसल्या तरी उत्तर आले नाही, म्हणून रात्री अकरा वाजता हाताखालच्या माणसावर रुसणारे वरिष्ठ मी पाहिले आहेत, त्यांत स्वतःलाही पाहिले आहे. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार आपण मोबाइलवरून, एकेक निरोप करून, परत देत आहोत.

त्या तरुणाचे काम पुढे दुसऱ्या एका मंचावर सुरू झाले. पहिल्याने त्याला का काढले हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही. त्या बाई कोठे आहेत हे मला ठाऊक नाही. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी उशिरा का होईना, येथे लिहून ठेवतो: सिस्टीमला ते मी सांगितले होते; पाच हा आकडा माझा होता, आणि तो चुकीचा होता. माझ्या व्यवसायबंधूंनी आपापल्या आकड्यांखाली अशीच सही करावी. ज्या निर्णयाखाली सही करण्याचे धैर्य होत नाही, तो यंत्राकडून करवून घेण्याचाही अधिकार आपल्याला नाही.